निगेटिव्ह नारिंगी का असते?

घरातले फोटोंचे जुने अल्बम तुम्ही चाळले असतीलच. आईबाबांचे लग्न, काकाची मुंज, सहलीला निघालेली मंडळी असे फोटो त्यांत असतात. अल्बमच्या मागच्या खिशात किंवा स्टुडिओच्या कागदी पाकिटात नारिंगी रंगाच्या पट्ट्या सापडतात. त्या आहेत रंगीत निगेटिव्ह. एक पट्टी उजेडासमोर धरून पाहा. माणसांचे केस फिके, आकाश तपकिरी, गवत किरमिजी, आणि सगळ्यावर एक नारिंगी छटा पसरलेली!

आता मोबाइलने या पट्टीचा फोटो काढा आणि फोनमधली रंग उलटे करण्याची सोय वापरा. काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होईल, हे तुमचे अनुमान बरोबर ठरते. पण रंग? सारे चित्र निळ्या शाईत बुडवून काढल्यासारखे दिसते. मग अनेकांना वाटते, की निगेटिव्ह जुनी होऊन खराब झाली. तसे नाही. नुकत्याच धुतलेल्या फिल्मचेही असेच होते. ही नारिंगी छटा काळाचा डाग नाही. ती कारखान्यात मुद्दाम घातलेली असते. ती कशासाठी घातली हे समजले, की ती कशी काढायची हेही समजते. आज आपण ही दोन्ही कामे करू.

तीन रंगांची वाटणी

आपल्या डोळ्याला दिसणारे बहुतेक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या कमीअधिक मिश्रणाने तयार करता येतात. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने हे लोकांसमोर दाखवले. एका रंगीबेरंगी फितीचे फोटो लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून वेगवेगळे घेतले होते. ते त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक पाडताच रंगीत चित्र उमटले.

रंगीत फिल्ममध्ये हीच वाटणी एका पट्टीवर केलेली असते. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचे अतिशय पातळ थर एकावर एक दिलेले असतात. त्यांतले काही निळ्या, काही हिरव्या आणि काही लाल प्रकाशाची नोंद घेतात. नोंद घेणारे मूळ द्रव्य तिन्हींत एकच, चांदीचे क्षार. जिथे प्रकाश पडतो, तिथे फिल्म धुताना या क्षारापासून चांदीचे कण सुटे होतात.

पण चांदी तर काळी दिसते. मग रंग कोठून येतो? थरांत कपलर नावाची द्रव्ये मिसळलेली असतात. चांदी सुटी करताना धुण्याच्या रसायनात जो बदल होतो, त्यामुळे ते रसायन कपलरशी संयोग पावते आणि त्या जागी रंजकद्रव्य तयार होते. ही कल्पना जर्मन रसायनज्ञ रुडॉल्फ फिशर यांनी १९१२ च्या सुमारास मांडली. पुढे चांदी धुऊन काढून टाकतात आणि फिल्मवर केवळ रंजक उरते. रंगीत निगेटिव्हमध्ये चांदीचे चित्र नसते, रंजकाचे असते, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

प्रत्येक थरात तयार होणारे रंजक त्या थराने टिपलेल्या प्रकाशाच्या पूरक रंगाचे असते. निळा टिपणाऱ्या थरात पिवळे, हिरवा टिपणाऱ्या थरात किरमिजी, म्हणजे छापखान्यातले मॅजेन्टा, आणि लाल टिपणाऱ्या थरात मोरपिशी, म्हणजे छापखान्यातले सायन. पिवळे रंजक निळा प्रकाश अडवते, किरमिजी हिरवा अडवते आणि मोरपिशी लाल अडवते. मूळ दृश्यात जिथे निळा प्रकाश जास्त होता, तिथे निगेटिव्ह निळा प्रकाश कमी जाऊ देते. म्हणून तर तिला निगेटिव्ह म्हणायचे.

रंजकांचा दोष आणि त्यावरचा उपाय

हे सारे व्यवस्थित चालले असते, तर निगेटिव्हचा कोरा भाग काचेसारखा स्वच्छ ठेवता आला असता. अडचण अशी, की रंजके आपल्या कामापुरती थांबत नाहीत. किरमिजी रंजकाने फक्त हिरवा प्रकाश अडवावा, तर ते थोडा निळाही अडवते. मोरपिशी रंजकाने फक्त लाल अडवावा, तर ते थोडा हिरवा आणि थोडा निळाही अडवते. त्यामुळे रंग मळकट होतात. बरे, ही चूक सगळीकडे सारखी नसते. जिथे रंजक जास्त तिथे चूक जास्त, जिथे रंजक नाही तिथे चूकही नाही. अशी जागोजाग बदलणारी चूक काढायची कशी?

किराणा दुकानात तुम्ही तेल आणायला भांडे घेऊन गेलात, तर दुकानदार आधी भांड्याचा धडा करतो. भांड्याच्या वजनाइतके वजन दुसऱ्या पारड्यात टाकले, की भांडे हिशेबातून सुटते. पण समजा, तेल ओतू तसे भांड्याचे वजनही वाढू लागले, तर धडा कसा करणार? रंजकांच्या चुकीचे असेच होते. ती 'वाढत्या वजनाचे भांडे' होती.

यावरचा उपाय १९४० च्या दशकात कोडॅक कंपनीतील रसायनज्ञ वेस्ली हॅन्सन यांनी शोधला. तो असा. किरमिजी रंजक तयार करणाऱ्या थरातला कपलरच पिवळट रंगाचा घ्यायचा. जिथे किरमिजी रंजक तयार होईल, तिथे तेवढा कपलर खर्ची पडेल आणि त्याचा पिवळेपणा नाहीसा होईल. जिथे रंजक होणार नाही, तिथे पिवळा कपलर तसाच राहील.

एक सोपा हिशेब मांडू. निळा प्रकाश अडवण्याची क्षमता आपण 'भागां'त मोजू.

कोऱ्या जागी: पिवळा कपलर १० भाग + किरमिजी रंजकाची चूक ० = १० भाग.
मधल्या जागी: पिवळा कपलर ५ भाग + रंजकाची चूक ५ = १० भाग.
गडद जागी: पिवळा कपलर ० + रंजकाची चूक १० = १० भाग.

पाहा, बेरीज सगळीकडे सारखी! चूक नाहीशी झाली नाही. पण ती आता जागोजाग बदलत नाही. भांड्याचे वजन कायम झाले. आता एकदाच धडा केला की काम झाले. मोरपिशी रंजकाच्या थरासाठी अशाच रीतीने लालसर गुलाबी कपलर घेतात. पिवळट आणि लालसर मिळून होतो नारिंगी. आपल्या पट्टीची छटा ती हीच. फोटो छापण्याच्या कागदाची हिरव्या व निळ्या प्रकाशाबद्दलची संवेदनक्षमता ही छटा गृहीत धरूनच वाढवलेली असे; त्यामुळे छापलेल्या फोटोत नारिंगीचा मागमूस राहत नसे.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. पडद्यावर दाखवायच्या रंगीत स्लाइड नारिंगी का नसतात? कारण स्लाइड आपण थेट डोळ्यांनी पाहतो. मध्ये कागद नाही, म्हणजे धडा करणारा कोणी नाही.

प्रयोग: फोनच्या पडद्यावर

या प्रयोगाला स्कॅनर लागत नाही. चित्र काढण्याचे कोणतेही अ‍ॅप घेऊन फोनचा सगळा पडदा शुद्ध लाल रंगाने भरा. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा आणि खोलीतला दिवा मालवा. निगेटिव्हची एक पट्टी कडेला धरून पडद्यावर अलगद ठेवा आणि दोन चित्रांमधली कोरी जागा पाहा. ती जवळजवळ पडद्याइतकीच उजळ दिसेल. आता पडदा हिरवा करा. तीच जागा बरीच मंद दिसेल. आता निळा करा. ती फारच काळोखी दिसेल.

उदाहरणासाठी असे आकडे घेऊ: कोऱ्या फिल्ममधून लाल प्रकाश ६० टक्के, हिरवा २५ टक्के आणि निळा १२ टक्के पार होतो. फिल्मच्या जातीप्रमाणे हे आकडे बदलतील, पण क्रम हाच राहील.

कोऱ्या जागेवर कॅमेऱ्यात प्रकाश पडलेलाच नव्हता. म्हणून खऱ्या चित्रात ती जागा काळी यायला हवी. आपण नुसते रंग उलटे केले, म्हणजे १०० मधून वजा केले, तर काय येते? लाल ४०, हिरवा ७५, निळा ८८. हा काळा नव्हे, हा तर फिकट निळा! सुरुवातीला पाहिलेल्या निळ्या चित्राचे कोडे इथे सुटले. धडा न करताच तेल मोजले, म्हणून हिशेब चुकला.

धडा करायचा तो भागाकाराने

धडा म्हटल्यावर वजाबाकी सुचते. इथे मात्र ती चालत नाही. समजा, चित्रातल्या एका जागी रंजके प्रत्येक रंगाचा निम्मा प्रकाश अडवतात. मग त्या जागेतून लाल ६० च्या निम्मा म्हणजे ३० टक्के येईल, हिरवा १२.५ आणि निळा ६ टक्के. वजाबाकी केली तर उत्तरे ३०, १२.५ आणि ६ अशी तीन तऱ्हेची येतात. भागाकार करून पाहा: ३० ÷ ६० = ०.५, १२.५ ÷ २५ = ०.५; ६ ÷ १२ = ०.५. तिन्ही सारखी! जागा करड्या रंगाची आहे, हे लगेच कळले.

कारण प्रकाश अडवणारे थर एकामागे एक आले, की त्यांतून पार होणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणांचा गुणाकार होतो. लघुगणक शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे अधिक नेटके सांगता येईल. फिल्मची घनता म्हणजे पार होणाऱ्या प्रमाणाच्या व्यस्ताचा लघुगणक. निम्मा प्रकाश पार झाला तर घनता सुमारे ०.३; दहावा हिस्सा पार झाला तर १. प्रमाणांचा गुणाकार होतो तेव्हा घनतांची बेरीज होते. कपलरचा आपला हिशेब बेरजेचा होता, तो घनतेतला. म्हणून घनतेत वजाबाकी करा किंवा प्रकाशात भागाकार करा, गोष्ट एकच.

तेव्हा नियम असा: आधी प्रत्येक रंगाला कोऱ्या जागेच्या त्याच रंगाने भागा, मग चित्र उलटे करा.

घरी करायची कृती

१. हात धुऊन पुसून कोरडे करा. पट्टी नेहमी कडांनाच धरा. तिची एक बाजू चकचकीत आणि दुसरी किंचित मंद असते. मंद बाजूला जिलेटिन असते. तिला बोट लावू नका. धूळ रबरी फुग्याच्या फुंकणीने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. पाण्याने किंवा ओल्या फडक्याने पुसू नका, कारण पाण्याने जिलेटिन फुगते व मऊ पडते.

२. कागदपत्रे स्कॅन करण्याचा साधा स्कॅनर उपयोगी पडत नाही. तो परत येणारा प्रकाश टिपतो. आपल्याला आरपार येणारा हवा. झाकणातही दिवा असलेला, फिल्मसाठी बनवलेला स्कॅनर मिळाला तर उत्तम. त्यात 'स्लाइड' हा प्रकार निवडा, रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद ठेवा, म्हणजे पट्टी नारिंगी आहे तशीच उतरेल. ३५ मिलिमीटर फिल्मचे एक चित्र २४ × ३६ मिलिमीटर असते. इंचाला २४०० ठिपके घेतले तर सुमारे २,२६८ × ३,४०२, म्हणजे जवळजवळ ७७ लाख ठिपक्यांचे चित्र मिळते. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने त्याचा साधारण ७.५ × ११ इंचांचा फोटो छापता येईल.

३. स्कॅनर नसेल तर फोन किंवा टॅब्लेटचा पांढरा पडदा दिवा म्हणून वापरा. त्यावर दुधी रंगाचा अर्धपारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि पट्टी त्याच्याही २-३ सेंटिमीटर वर, पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून धरा. म्हणजे पडद्याचे बारीक ठिपके चित्रात उतरणार नाहीत. चौकटीबाहेरचा उजेड काळ्या कागदाने झाका. दुसरा फोन किंवा कॅमेरा वर स्थिर बसवा, त्याचे भिंग पट्टीला समांतर असू द्या, आणि दोन-तीन सेकंदांच्या टायमरने फोटो घ्या.

४. फोन स्वतःच्या बुद्धीने रंग बदलतो, आणि चित्रागणिक वेगवेगळे बदलतो. म्हणून प्रकाशाची मात्रा व रंगाचा समतोल हाताने ठरवून कायम ठेवा. 'रॉ' प्रकारची फाइल मिळत असेल तर तीच घ्या. कोरी जागा चांगली उजळ दिसावी, पण तिचा लाल रंग कमाल मर्यादेला टेकू देऊ नका. टेकला तर तिथली नोंद गेलीच म्हणून समजा. चित्रासोबत कोऱ्या जागेचा थोडा भागही टिपा. आपला धडा तोच आहे.

५. आता संगणकावर या. 'गिम्प' या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये चित्राच्या वर एक नवा थर घ्या. तो कोऱ्या जागेवरून उचललेल्या रंगाने भरा आणि थराची पद्धत 'डिव्हाइड' ठेवा. नारिंगी छटा नाहीशी होईल आणि कोरी जागा पांढरी दिसेल. थर एकत्र करून चित्र उलटे करा. कोरी जागा काळी झाली का, हे आधी तपासा.

६. शेवटी लाल, हिरवा व निळा या तिन्हींचा गडद आणि उजळ टोकाचा बिंदू वेगवेगळा लावा. दृश्यात खात्रीने पांढरी किंवा करडी असणारी वस्तू शोधा: शाळेचा सदरा, कागद, सिमेंटचा कठडा. ती जागा बिनरंगी दिसेपर्यंत मधले मूल्य सरकवा. निळा प्रकाश मुळात थोडाच आलेला असतो आणि त्याला सर्वांत जास्त ताणावे लागते. म्हणून शक्य असेल तर दर रंगाला २५६ ऐवजी ६५,५३६ पायऱ्यांची, म्हणजे १६ बिटांची, टिफ फाइल घ्या.

शिक्षकांना वर्गात एक पुढची पायरी करून घेता येईल. पांढऱ्या उजेडाऐवजी पडदा क्रमाने लाल, हिरवा व निळा करून एकाच चित्राचे तीन फोटो घ्या आणि संगणकावर त्यांना एकत्र करा. प्रत्येक रंगासाठी प्रकाशाची मात्रा वेगळी ठरवून कोरी जागा तिन्ही फोटोंत सारखीच उजळ ठेवली, तर धडा प्रकाशातच होऊन जातो. मॅक्सवेलचा प्रयोगच तुमच्या वर्गात पुन्हा होईल!

हे काम आताच का करावे?

कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र चांदीचे असते. ती नीट धुतली व जपली तर पुष्कळ वर्षे टिकते. रंगीत निगेटिव्हचे चित्र रंजकाचे असते, आणि रंजके अंधाऱ्या कपाटातही हळूहळू फिकी होत जातात. उष्णता आणि दमटपणा या कामाला वेग देतात. त्यातून तिन्ही रंजके सारख्या वेगाने फिकी होत नाहीत. त्यामुळे धडा बरोबर करूनही चित्रात एखाद्या रंगाची झाक उरते. झीज थोडी असेल तर सहाव्या कृतीने ती बरीचशी भरून निघते. एखादे रंजक जवळजवळ संपलेच असेल, तर मात्र कोणतेही गणित त्याला परत आणू शकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम अशा जागी रंग भरून देतात. पण तो अंदाज असतो, नोंद नव्हे. आजीच्या लुगड्याचा हिरवा कोणता होता, हे प्रोग्रॅमला ठाऊक नसते. म्हणून मूळ स्कॅन नेहमी वेगळे जपून ठेवा आणि सुधारणा त्याच्या प्रतीवर करा.

१९७२ साली आलेली 'सी-४१' ही फिल्म धुण्याची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. १९८० आणि १९९० च्या दशकांत आपल्याकडे लग्नसमारंभांत काढलेल्या बहुतेक रंगीत फिल्म त्याच पद्धतीने धुतलेल्या आहेत. म्हणजे त्यांना तीस-चाळीस वर्षे होऊन गेली. कोकणातली दमट हवा, पत्र्याखालचा तापलेला माळा, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, हे सारे त्यांनी सोसले आहे.

तेव्हा पट्ट्या माळ्यावरून खाली आणा. मऊ, चिकट प्लास्टिकच्या पाकिटांतून काढून कोऱ्या कागदी पाकिटांत घाला. घट्ट डब्यात त्या सिलिका जेलच्या पुडीसह घरातल्या सर्वांत थंड व कोरड्या जागी ठेवा. एखाद्या पट्टीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर तिची पट्टीच विघटित होऊ लागली आहे असे समजा. ती इतरांपासून वेगळी करा आणि पहिल्यांदा तीच स्कॅन करा. बुरशी दिसली तर घासू नका, तीही पट्टी वेगळी ठेवा.

स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नका. उद्या अधिक चांगले यंत्र मिळेल. मूळ पट्टी असेल तरच त्याचा उपयोग. फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

शेवटची नोंद फिल्मवर कोठेच नसते: फोटोतली माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते. ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते, आणि तिचा धडा करून देणारे कोणतेही गणित नाही. म्हणून दहा-बारा चित्रे तयार झाली, की ती आजी-आजोबांना मोठ्या पडद्यावर दाखवा. ते जी नावे सांगतील, ती त्याच दिवशी चित्राच्या क्रमांकापुढे वहीत लिहून ठेवा.